निवृत्तीनंतर, मस्टर सुटल्यावर मेंदूचं काय होतं?

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव आहे. 1930 च्या सुमारास तिथली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव घरी बसलं. पुढे समाजसंशोधक मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि त्यांचे सहकारी या गावाचा अभ्यास करायला गेले. कुटुंबांची माहिती, जमाखर्च हे सगळं त्यांनी गोळा केलंच. शिवाय खिडकीआड उभं राहून, हातात घड्याळ घेऊन, रस्त्यावरच्या माणसांचा चालण्याचा वेगही मोजला. पुरुष रेंगाळत, थांबत थांबत चालत होते. बायका भराभरा जात होत्या, कारण त्यांची चूल बंद पडली नव्हती. वाचनालयाने फी माफ केली होती, वाचायला अख्खा दिवस मोकळा होता, तरी दोन वर्षांत घरी नेलेल्या पुस्तकांची संख्या निम्म्यावर आली. दिवसभर काय केलं ते लिहून द्यायला सांगितलं, तर एकाने सकाळच्या रकान्यात एवढंच लिहिलं: तेवढ्यात दुपार होते.

बेकारी वेगळी आणि निवृत्ती वेगळी, हे मान्य. निवृत्त माणसाच्या मागे पेन्शन असते, नाहीतर निदान ग्रॅच्युइटी आणि फंड असतो, आणि घरी बसण्यात कमीपणाही नसतो. पण ‘तेवढ्यात दुपार होते’ हे वाक्य दादर, मुलुंड, बोरिवलीतल्या कितीतरी घरांना आज जसंच्या तसं लागू पडेल.

पगाराखेरीज नोकरी माणसाला काय देते, याचा विचार याहोडा पुढे आयुष्यभर करत राहिल्या. त्यांच्या मांडणीत पाच गोष्टी आहेत: दिवसाला आकार, घराबाहेरच्या माणसांची सोबत, एकट्याने न होणाऱ्या कामातला वाटा, समाजात ओळख, आणि हातपाय हलवायला रोजचं निमित्त. यातली एकही गोष्ट ऑफर लेटरमध्ये लिहिलेली नसते. याहोडांनी हे सविस्तर मांडलं ते 1982 साली. त्याच वर्षी 18 जानेवारीला गिरणगावातला संप सुरू झाला. भोंगा बंद झाल्यावर लालबाग-परळच्या चाळींमधल्या सकाळींचं काय झालं, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना या पाच गोष्टी वेगळ्या समजावून सांगाव्या लागणार नाहीत.

मुंबईकराला तर या गोष्टी ऑफिसला पोचायच्या आधीच मिळायला लागतात. ठरलेली लोकल, ठरलेला डबा, चौथ्या सीटवरून रोजची वादावादी, एखाद्या डब्यात टाळ घेऊन बसलेलं भजनी मंडळ. एक दिवस दिसला नाहीत तर दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतं, ‘काय, काल कुठे?’ मग 58 पूर्ण होतात (केंद्र सरकारात 60), शाल-श्रीफळ मिळतं, पास संपतो आणि हा प्रश्न विचारणारे सगळे एकाच दिवशी जातात.

त्यानंतरची तक्रार ठरलेली: ‘उत्साहच वाटत नाही.’ उत्साह ही आपल्या आत साठवलेली वस्तू आहे आणि ती संपली, असं आपण गृहीत धरतो. मेंदूविज्ञान मात्र थोडं वेगळं सांगतं.

डोपामिन म्हणजे सुखाचं रसायन, असं व्हॉट्सअॅपवर रोज येतं. ते अर्धवट आहे. अमेरिकन संशोधक केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामिन जवळजवळ संपवून पाहिलं. त्या उंदरांच्या तोंडात साखरेचं पाणी घातलं की ते आधीसारखेच मिटक्या मारत. चव त्यांना आवडत होती. पण समोर ठेवलेल्या खाण्यापर्यंत ते उठून जाईनात. भरवलं नाही तर उपाशी राहत. म्हणजे आवडणं आणि त्या आवडीसाठी उठणं, ही मेंदूत दोन वेगळी खाती आहेत आणि डोपामिन मुख्यतः दुसऱ्या खात्यात काम करतं. ‘नाटकाला नेलं तर मजा येते हो, पण निघवत नाही,’ असं म्हणणारे काका आळशी नाहीत, खोटंही बोलत नाहीत. वयानुसार मेंदूतले डोपामिनचा संदेश पकडणारे घटक (रिसेप्टर) दर दशकाला साधारण दहा टक्क्यांच्या आसपास कमी होतात, त्यामुळे हे ‘निघवत नाही’ पुढे थोडं वाढतंच. (नेल्यावरही मजा येत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल आणि हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. तिथे लेख वाचत बसू नये, डॉक्टरांना भेटावं.)

मग हे उठवणारं खातं हलतं कशाने? मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांवर केलेले प्रयोग इथे उपयोगी पडतात. माकडाला फळाचा रस मिळाला की सुरुवातीला त्याच्या डोपामिन पेशी जोरात पेटत. दिवा लागल्यावर रस मिळतो हे कळल्यावर त्या दिव्यालाच पेटू लागल्या. रस प्रत्यक्ष आला तेव्हा शांत. आणि ठरलेला रस आलाच नाही, तर त्यांची नेहमीची हालचालसुद्धा मंदावे. 2003 साली त्यांच्या गटाने आणखी एक गोष्ट दाखवली: रस मिळेल की नाही हे अगदी निम्मे-निम्मे असतं, तेव्हा वाट बघण्याच्या काळात या पेशींची हालचाल सर्वांत जास्त वाढत जाते.

ही गोष्ट निवृत्तीच्या दिवसाला लावून पाहा. सकाळचा चहा, पेपर, बातम्या, जेवण, झोप, मालिका. सगळं चांगलं आणि सगळं आधीच माहीत असलेलं. मेंदूला यात वाट बघण्यासारखं काही उरत नाही. ऑफिसात फाइल मंजूर होईल की अडकेल, साहेब आज कोणत्या मूडमध्ये, ऑडिट कधी येतंय, हे सगळं आपण ताप म्हणून मोजत होतो. त्या तापातच उठवणारी शक्ती होती, हे मात्र निरोप समारंभाच्या भाषणात कोणी सांगत नाही.

तेव्हा निवृत्तीनंतरचं काम निवडताना माझा निकष साधा आहे: वेळ ठरलेली हवी आणि निकाल न ठरलेला. त्या वेळी तिथे कोणीतरी आपली वाट बघणारं असेल तर उत्तमच. आवड काय, नंतरही निर्माण होते.

या निकषावर शिवाजी पार्कचा कट्टा अर्धाच उतरतो. वेळ ठरलेली आणि माणसंही ठरलेली. पण चर्चेचा निकालही ठरलेलाच. कट्टेकऱ्यांनी रागावू नये, पण याला आधार आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेनिस पार्क यांनी 60 ते 90 वयाच्या माणसांना गटांत विभागलं. काहींनी तीन महिने, आठवड्याला सुमारे 15 तास, डिजिटल छायाचित्रण किंवा गोधडी शिवणं नव्याने शिकलं. दुसऱ्या एका गटाने तेवढाच वेळ गप्पा, खेळ आणि सहलींत घालवला. 2014 साली निष्कर्ष आले. स्मरणशक्तीत सुधारणा दिसली ती नवं, अवघड काही शिकणाऱ्यांत; नुसत्या सोबतीने ते साधलं नाही. सोबत जगायला लागतेच, पण मेंदूला थोडं अडखळावंही लागतं.

मुंबईत या निकषाला सर्वांत चोख उतरणारी गोष्ट मला विचाराल तर समुद्राची ओहोटी. गिरगाव, हाजी अली, जुहू इथले खडक ओहोटीत उघडे पडतात आणि त्यात समुद्रफुलं (फुलासारखे दिसणारे प्राणी), खेकडे, शंखगोगलगायी, नशीब असेल तर एखादा ऑक्टोपस दिसतो. 2017 पासून ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा नागरिकांचा गट अशा फेऱ्या काढतो. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते, तिला आपला मूड विचारायचा नसतो. काय दिसेल ते आधी कळत नाही. नावं शिकावी लागतात, नोंद करावी लागते. गुडघे साथ देत नसतील तर पक्षी मोजावेत: दर फेब्रुवारीतल्या जागतिक पक्षीगणनेत गच्चीत किंवा खिडकीत बसून 15 मिनिटं केलेली नोंदही धरली जाते. ठाणे खाडीत हिवाळ्यात फ्लेमिंगो येतातच, पण अमुक दिवशी किती, हे कोणालाच सांगता येत नाही.

बायकांचं गणित इथे वेगळं होतं. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या बाईचं मस्टर सुटतं, ओटा सुटत नाही. शिवाय वन बीएचकेमध्ये दिवसभर घरी असणारा निवृत्त नवरा म्हणजे दुपारचा आणखी एक चहा. मारिएनथालच्या बायका भराभरा चालत होत्या, याचं कौतुक करताना हे विसरू नये.

शेवटी एका लहान प्रयोगाबद्दल. 1976 साली मानसशास्त्रज्ञ रिचर्ड शुल्झ (वरचे शुल्ट्झ वेगळे) यांनी अमेरिकेतल्या वृद्धनिवासातल्या 40 जणांकडे कॉलेजचे विद्यार्थी भेटीला पाठवले. काही वृद्धांनी भेटीची वेळ स्वतः ठरवली, काहींना ती आधी कळवली, काहींकडे विद्यार्थी अचानक जात, काहींकडे कोणीच गेलं नाही. पहिले दोन गट तब्येतीने आणि मनाने सुधारले. अचानक भेटी मिळणाऱ्यांना फारसा फायदा झाला नाही. पण अभ्यास संपला, विद्यार्थी यायचे थांबले, आणि नंतर पाहणी केली तेव्हा सुधारलेले तेच दोन गट खाली घसरले होते.

मुंबईतल्या हजारो आजी-आजोबांच्या आयुष्यात असा विद्यार्थी म्हणजे नातवंड. त्याला सांभाळण्यात ठरलेली वेळ आहे, न ठरलेला निकाल आहे, वाट बघणारं माणूस आहे. निकषावर पैकीच्या पैकी. मग ते पूर्णवेळ शाळेत जाऊ लागतं, किंवा मुलाची बदली बंगळुरूला होते, आणि ही दुसरी निवृत्ती पुढे येते. तिला निरोप समारंभ नसतो आणि तारीखही कोणी आधी कळवत नाही. म्हणून ओहोटीचं वेळापत्रक नातू बालवाडीत असतानाच भिंतीवर लावलेलं बरं. सुट्टीच्या दिवशी त्यालाही खडकांवर नेता येईल.