टॅपेटची रुंदी आणि रेसिंग कॅम

पुण्यात अधूनमधून एक बातमी हमखास येते: वाहतूक पोलिसांनी बुलेटचे कर्कश सायलेन्सर जप्त केले आणि त्यांच्यावर रोडरोलर फिरवला. त्यावर चर्चा रंगली की कुणीतरी छातीठोकपणे सांगतंच, ‘सायलेन्सर मोकळा केला की गाडीला पॉवर येते.’ नुसत्या सायलेन्सरने येतो तो बहुतेक आवाजच. इंजिनाने हवा किती घ्यायची आणि कधी घ्यायची, हे आत बसलेला कॅमशाफ्ट ठरवतो. (आरएक्स शंभरवाल्यांनी हा लेख गंमत म्हणून वाचावा. टू-स्ट्रोकला कॅमच नसतो, तरी नाना पेठेत त्याच्यासाठी रेसिंग कॅम मागणारा एखादा निघतोच.)

फोर-स्ट्रोक इंजिनात क्रँकचे, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्याचे, दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. त्याच्यावरचे उंचवटे, म्हणजे लोब, टॅपेटला (मधल्या दट्ट्याला) ढकलतात आणि टॅपेट व्हॉल्व्ह उघडतो. इथवर शाळेतलंच आहे. आता आकडे घालून पाहा. इंजिन 6000 आरपीएमवर असताना क्रँकचा एक फेरा 10 मिलिसेकंदांत होतो. इनटेक, म्हणजे हवा आत घेणारा, व्हॉल्व्ह क्रँकच्या 240 अंशांपुरता उघडा राहत असेल, तर त्याला साडेसहा-पावणेसात मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात त्याने 9 मिलिमीटर उघडायचं आणि परत न आपटता सीटवर बसायचं.

पिस्टन तळाला पोचून वर निघाला तरी इनटेक व्हॉल्व्ह काही काळ उघडाच ठेवतात. पीएमपीएमएलच्या ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला की उभे प्रवासी पुढे जातच राहतात, तशी पाइपमधून वेगाने निघालेली हवा पिस्टन उलटा फिरला तरी सिलिंडरमध्ये घुसत राहते. जास्त आरपीएमला हवेचा वेग जास्त, म्हणून व्हॉल्व्ह थोडा उशिरा मिटला तर ती जास्त भरते. कमी आरपीएमला मात्र हवेत तो जोर नसतो. मग वर येणारा पिस्टन आत घेतलेली हवा परत बाहेर ढकलतो, आणि लक्ष्मी रोडच्या गर्दीत दुसऱ्या गिअरवर गाडी रडायला लागते. रेसिंग कॅमचा सगळा व्यवहार हा असा आहे, वरचं घ्यायचं आणि खालचं सोडायचं. शिवाय एक्झॉस्ट आणि इनटेक दोन्ही व्हॉल्व्ह एकदम उघडे असण्याचा काळ, म्हणजे ओव्हरलॅप, अशा कॅममध्ये वाढतो. त्यामुळे आयडलिंगला जळका गॅस इनटेकमध्ये शिरतो आणि इंजिन अडखळत, धडधडत चालतं. लोक ज्या धडधडीवर फिदा होतात, ती नीट न जळणाऱ्या मिश्रणाची असते.

असे कॅम बनवतं कोण? आपल्या सोलापुरात कॅमशाफ्टचा मोठा कारखाना आहे आणि जगभरच्या मोटार कंपन्यांना तिथून माल जातो, पण तो कंपन्यांच्या ड्रॉइंगबरहुकूम. बाजारात सुटे मिळणारे रेसिंग कॅम हा वेगळा धंदा, आणि त्यात आकृती काढणारा आणि घासणारा बहुधा एकाच छपराखाली असतो. दुसऱ्या महायुद्धानंतर लॉस एंजेलिसमध्ये एड इस्केंडेरियनने एक जुनं ग्राइंडिंग मशीन घेतलं, त्यात स्वतः फेरफार केले आणि कॅम घासायला सुरुवात केली. फ्लोरिडात हार्वे क्रेन 1953 पासून या धंद्यात होता. इंग्लंडमध्ये पायपर आणि केंट, जर्मनीत श्रिक, ही या क्षेत्रातली नावाजलेली घराणी.

या लोकांचं खरं कसब कशात आहे? ‘लोब मोठा केला की झालं’ असं वाटतं खरं, पण इथे एक सुंदर अडचण येते. माझा या विषयावरचा जीव तिच्यामुळेच जडला.

सपाट तळाचा टॅपेट घ्या. लोब त्याला एका रेषेवर टेकतो आणि ही रेषा कॅम फिरताना टॅपेटच्या तळावरून इकडून तिकडे सरकते. समजा, एखाद्या क्षणी ती शाफ्टच्या मध्यापासून आडवी 10 मिमी बाजूला आहे. फिरणाऱ्या वस्तूवरचा बिंदू मध्यापासून आडवा जितका दूर, तितका त्याचा वर जाण्याचा वेग जास्त: अंतर गुणिले फिरण्याचा वेग. टॅपेट त्या बिंदूला चिकटलेला असल्यामुळे त्याचाही वेग तोच. म्हणजे टॅपेट किती वेगाने उचलला जातोय, हे लोब त्याला मध्यापासून किती दूर टेकलाय त्यावरून कळतं. दोन्ही एकच आकडा!

हेच उलटं वाचा. टॅपेटचा व्यास 28 मिमी असेल तर टेकायची रेषा मध्यापासून 14 मिमीच्या पलीकडे जाऊच शकत नाही. म्हणून कॅमच्या एका अंशात टॅपेट जास्तीत जास्त 0.24 मिमी उचलला जाईल. त्याहून घाई केली की लोब टॅपेटच्या कडेवर चढतो आणि ती कड त्याला खरवडून काढते. व्हॉल्व्ह मिटवणारी स्प्रिंग कितीही कडक घाला, लोब कितीही उंच करा, ही मर्यादा हलत नाही. जुन्या अमेरिकन व्ही-एट इंजिनांत शेवरोलेचा टॅपेट सुमारे 21.4 मिमी, फोर्डचा 22.2 आणि क्रायस्लरचा 23 मिमीचा. या दीड मिलिमीटरच्या जोरावर क्रायस्लरसाठी जास्त चपळ लोब घासता येतो. तोच लोब शेवरोलेत घातला तर टॅपेटची कड खातो.

वेगानंतर त्वरण. सपाट टॅपेटखाली लोबची वक्रता-त्रिज्या तीन गोष्टींच्या बेरजेने निघते: मूळ वर्तुळाची (लोबच्या उंचवटा नसलेल्या गोल पाठीची) त्रिज्या, त्या क्षणीची उचल आणि त्वरण (वेळेऐवजी कोनावर मोजलेलं). नाकाजवळ, म्हणजे लोबच्या शेंड्याजवळ, त्वरण ऋण असतं, कारण टॅपेट मंदावून परत फिरायचा असतो. ते फार ऋण झालं की बेरीज शून्याकडे जाते आणि नाक टोकदार होतं. टोकावर दाब एकवटतो आणि लोब झिजतो. जुने लोब वर्तुळांचे कंस जोडून आखत. त्यांच्या सांध्यावर त्वरण एका उडीत बदलतं, आणि त्या धक्क्याने स्प्रिंग नि पुशरॉड (टॅपेटची ढकल व्हॉल्व्हकडे नेणारा दांडा) थरथरू लागतात. 1948 मध्ये डडली याने या लवचीकपणाचाच हिशेब धरून बहुपदीने वक्र काढण्याची पद्धत मांडली. हे जरा जड झालं असेल, पण आजच्या सॉफ्टवेअरच्या पोटात हेच गणित चालतं. आरपीएम दुप्पट झाला की टॅपेटला लोबवर दाबून ठेवायला चौपट बल लागतं, म्हणून त्वरणाच्या आलेखातली लहानशी उडीसुद्धा महागात पडते.

आता घासणं. क्रँकचं जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा भाग) गोल असतं, लोब गोल नसतो. म्हणून शाफ्ट फिरत असताना घासणारा दगड आणि शाफ्ट यांमधलं अंतर सतत बदलावं लागतं. पूर्वी हे एका मास्टर कॅमच्या आधाराने होई, आता संगणकावर चालणारं सीएनसी मशीन करतं. रोलर टॅपेटच्या (तळाला चाक असलेल्या टॅपेटच्या) लोबची बाजू कधीकधी आत वळलेली असते. तिथे दगडाची त्रिज्या त्या खोलगटपणाहून मोठी असेल तर दगड आत पोचतच नाही.

जुना कॅम परत घासून ‘हाय लिफ्ट’ करून देतात, त्यातली गोम तर भल्याभल्यांना माहीत नसते. नाकावर धातू चढवत नाहीत, पाठीमागचं मूळ वर्तुळ लहान करतात. नाक जागेवर राहतं आणि उचल वाढते. असा कॅम व्ही-ब्लॉकवर ठेवून पाठीला डायल गेज लावून फिरवा. काटा हलला नाही पाहिजे. हलला तर टॅपेट क्लिअरन्स, म्हणजे लोब आणि टॅपेट यांमधली फट, कुठल्याही फीलर गेजने जमणार नाही. आणि पाठ लहान झाली म्हणून जाड शिम (फट भरणारी चकती) घालावी लागते, ती वेगळीच. शिवाय घासताना वरचा कडक थर निघून गेला असेल, तर आतला मऊ धातू बघता बघता झिजतो.

जाहिरातींबद्दल एवढंच, की 280 अंशांचा कॅम म्हटल्यावर ते कुठल्या उचलीपासून मोजलेत हे विचारा. अमेरिकेत 0.050 इंच, म्हणजे 1.27 मिमी, उचलीपासून मोजण्याची रीत आहे. सीटवरून जेमतेम सुटल्यापासून मोजलं तर तोच कॅम बसल्या जागी पंचवीस-तीस किंवा जास्तच अंशांनी ‘गरम’ होतो. पेट्रोलच्या पाइपला लोहचुंबक बांधून अ‍ॅव्हरेज वाढवून देणाऱ्यांपेक्षा हे बरे, कारण इथे निदान मोजता येईल असं काहीतरी असतं.

चांगला कॅमवाला गिऱ्हाइकाला आधी आकडा विचारत नाही. तो कॉम्प्रेशन विचारतो, स्ट्रोक, गिअर रेशो, एक्झॉस्टची लांबी, टॅपेटचा व्यास विचारतो, आणि गाडी कुठे चालवणार तेही. अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगला न्यायची असेल तर एक कॅम. रोज कात्रजच्या घाटातून ऑफिसला जायचं असेल, तर तो बहुधा कंपनीचाच कॅम राहू द्या म्हणतो.