मर्ल ओबेरॉन आणि ‘पहिली आशियाई’चा घोळ : पार्श्वभूमी

2023 ला एका मलेशियन अभिनेत्रीला ऑस्करचं बेस्ट अॅक्ट्रेस नॉमिनेशन मिळालं तेव्हा एका अमेरिकन सिनेमा-नियतकालिकाने ‘स्वतःला आशियाई म्हणवणारी पहिली’ असं लिहिलं आणि त्यावरून भरपूर खिल्ली उडाली. पण ती शेपटी उगाच जोडलेली नव्हती, कारण 1935 च्या ‘द डार्क एंजल’साठी हेच नॉमिनेशन हॉलिवूडची अभिनेत्री मर्ल ओबेरॉन हिला मिळालं होतं, आणि बाई जन्माने मुंबईच्या, 1911 च्या. फक्त जन्मभर सांगत राहिल्या की मी टास्मानियाची, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या बेटावरची.

आता ती आशियाई धरायची का? इथे सगळे ‘अँग्लो-इंडियन’ म्हणून पुढे जातात, पण त्या शब्दाचाच गुंता आहे. आधी अँग्लो-इंडियन म्हणजे इथे राहणारा गोरा साहेब. मिश्र घरातल्यांना युरेशियन म्हणायचे आणि ते त्यांना टोचायचं. 1911 च्या जनगणनेत सरकारने मिश्र लोकांसाठी अँग्लो-इंडियन हा शब्द घेतला, म्हणजे मर्ल आणि हा सरकारी अर्थ एकाच वर्षाचे! पुढे राज्यघटनेच्या कलम 366 मध्ये व्याख्या आली तीही बापाकडूनच, बाप किंवा बापाकडचा कोणी पुरुष पूर्वज युरोपियन पाहिजे, आईकडचं कुणी विचारत नाही. मर्लचे वडील ब्रिटिश, त्यामुळे कागदावर ती बसते, पण आशियाई म्हणायचं ते आईकडच्या सिलोनच्या रक्तामुळे, आणि नेमकं तेच व्याख्येत नाही.

बालपण थोडक्यात. मुंबई, मग कलकत्ता, तिथल्या शाळेत जातीपातीसारखीच रक्तावरून टिंगल, आणि 1928 च्या सुमाराला युरोप. लंडनमध्ये सावळ्या आईची ओळख मोलकरीण म्हणून करून द्यायची असं सांगतात. 1930 च्या दशकात हॉलिवूडच्या सेन्सॉर नियमांत गोऱ्या-काळ्यांचे प्रेमसंबंध दाखवायलाही बंदी होती, त्यामुळे खोटं बोलली म्हणून तिला झोडणारे मला जरा उथळ न्यायाधीश वाटतात. आई 1937 ला गेली, नंतर मर्लने तिचं चित्र काढून घेतलं ते उजळ रंगात.

बरं, जिला आई म्हणायची ती आजी निघाली आणि जिला बहीण समजायची ती आई. हे तिच्या मुंबईतल्या जन्मदाखल्यावरून कळलं. 1979 ला ती वारली आणि 1983 ला आलेल्या चरित्रामुळे तिचं भारतीय मूळ सगळ्यांना कळलं.

त्याआधी 1978 ला टास्मानियाची राजधानी होबार्टमध्ये तिथल्या महापौरांनी ‘आमची पोर’ म्हणून तिचा सत्कार ठेवला होता, तिथे बाई भलत्याच अस्वस्थ झाल्या. पण टास्मानियात जन्मदाखल्याने फारसा फरक पडला नाही, ती तिथल्याच एका चिनी वंशाच्या बाईची मुलगी ही गोष्ट तिकडचे लोक नंतरही छातीठोक सांगत होते.