आवाजावरून तोफेचा पत्ता

8 ऑगस्ट 1918. पहाटे 4 वाजून 20 मिनिटांनी फ्रान्समधल्या आमियाँ शहराच्या पूर्वेला, दाट धुक्यात, मित्रराष्ट्रांच्या दोन हजारांवर तोफा एकदम धडाडल्या. पहिलं महायुद्ध संपवणारी ‘शंभर दिवसांची चढाई’ इथे सुरू झाली. त्या सकाळचं श्रेय बहुतेकदा रणगाड्यांना मिळतं. होतेही ते पाचशेच्या वर. पण माझ्या मते त्यातला मोठा वाटा केसासारख्या बारीक प्लॅटिनमच्या तारेचा आहे.

1916 मध्ये फ्रान्समधल्याच सोम नदीकाठच्या लढाईआधी ब्रिटिशांनी आठवडाभरात सुमारे पंधरा लाख गोळे डागले. तरी 1 जुलैला एका दिवसात त्यांचे 57,470 सैनिक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. जर्मन मशिनगनइतक्याच त्यांच्या लपवलेल्या तोफाही याला कारण होत्या. दिसतच नाही त्या तोफेवर नेम धरायचा कसा?

हे कोडं लॉरेन्स ब्रॅगकडे आलं. क्ष-किरणांनी स्फटिकांची रचना उलगडल्याबद्दल त्याला 1915 मध्ये, वयाच्या 25व्या वर्षी, वडिलांबरोबर नोबेल मिळालं होतं. कल्पना साधी होती. वीज चमकल्यावर गडगडाट ऐकू येईपर्यंत आपण आकडे मोजतो ना, तसलाच हिशोब. फक्त इथे चमक दिसत नाही, म्हणून आघाडीमागे ओळीने सहा मायक्रोफोन ठेवायचे. आवाज एकाकडे दुसऱ्यापेक्षा एक सेकंद आधी पोहोचला, तर तोफ त्याला सुमारे 340 मीटरने जवळ. एवढ्याने नकाशावर एक वक्ररेषा मिळते. गणितात तिला अपास्त म्हणतात. तिसऱ्या मायक्रोफोनमुळे दुसरी रेषा मिळते आणि दोन्ही छेदतात तिथे तोफ. सेकंदाचा शंभरावा भाग टिपायला हृदयाचा आलेख काढणारं गॅल्व्हनोमीटर आणि सिनेमाची फिल्म वापरली.

अडचण वेगळीच निघाली. गोळा आवाजाहून वेगाने जातो, त्याचा कडाडणारा आवाज, म्हणजे कडाका, आधी येतो आणि साधे मायक्रोफोन त्यालाच भुलतात. तोफेचा स्वतःचा आवाज इतका खर्जातला, की कानाला जेमतेम कळतो. ब्रॅगला ते कळलं शौचालयात! बंद खोली, बाहेरच्या हवेला वाट फक्त बैठकीखालून. जवळची तोफ उडाली की हवेचा दाब त्याला चक्क बैठकीवरून किंचित उचलायचा. गोळ्याच्या कडाक्याने मात्र काही व्हायचं नाही.

हा दाब टिपायची युक्ती टकर नावाच्या कॉर्पोरलने काढली. दारूगोळ्याच्या रिकाम्या पेटीला भोक पाडून त्यावर प्लॅटिनमची तार ताणायची आणि विजेने तापवायची. तोफेच्या दाबाने भोकातून हवेची झुळूक आली की तार थंड होते, तिचा विजेला होणारा रोध बदलतो, फिल्मवरची रेघ उडी मारते. गोळ्याच्या कडाक्याला मात्र तार फारशी दाद देत नाही.

तापमान दहा अंशांनी बदललं तर ध्वनीचा वेग सेकंदाला सहा मीटरने बदलतो, म्हणून हवामानाची आकडेवारीही हिशोबात धरावी लागे.

आमियाँला या पद्धतीच्या जोडीला विमानातून काढलेले फोटो आणि तोफांची चमक टिपणारी पथकं होती. समोरच्या 530 जर्मन तोफांपैकी 504 चा ठावठिकाणा हल्ल्याआधीच लागला होता. चाचणीचे गोळे न टाकता, नळीची झीज आणि वारा धरून नेम ठरवला गेला. शत्रूला सुगावा लागला नाही. पायदळ त्या दिवशी दहा किलोमीटरहून जास्त पुढे सरकलं. जर्मन सेनानी लुडेनडॉर्फने त्याला आपल्या सैन्याचा काळा दिवस म्हटलं. अर्थात वसंतातल्या स्वतःच्याच चढाईने जर्मन सैन्य आधीच खिळखिळं झालं होतं आणि अमेरिकी पलटणी रोज उतरत होत्या. सगळं यश तारेच्या पदरात टाकणं बरोबर नाही.

शिवाय तिच्या मर्यादाही होत्या. वारा पश्चिमेकडून वाहू लागला, आणि तिथे तो बहुधा तसाच वाहतो, की जर्मन तोफांचा आवाज वर वळून मायक्रोफोनच्या डोक्यावरून निघून जाई. पुढे आघाडी वेगाने सरकू लागली तेव्हा तर ही पथकं मागेच पडू लागली. जागेची मोजणी करून मैलोन्‌मैल तारा अंथरेपर्यंत जर्मन तोफांनी मुक्काम हलवलेला असे.