पार्श्वभूमी : खाडीखालून मोटार, आणि मोटारीत माणसे

इंग्लंडमधल्या फोकस्टनहून फ्रान्समधल्या कॅलेला मोटार न्यायची, तर ती इंग्लिश खाडीखालच्या बोगद्यातून धावणाऱ्या शटलगाडीच्या डब्यात चढवायची, इंजिन बंद करायचे, हँडब्रेक ओढायचा, काचा थोड्या खाली घ्यायच्या. 35 मिनिटांत पलीकडे. मधल्या वेळात माणसे आपापल्या मोटारीतच बसून राहतात. आज यात कोणाला काही विशेष वाटत नाही, पण ही सेवा सुरू होण्याआधी सर्वात जास्त कीस याच गोष्टीचा पाडला गेला.

इंग्लिश खाडीखालून वाट काढण्याची कल्पना 1802 सालची. एका फ्रेंच खाण अभियंत्याने तेलाच्या दिव्यांच्या उजेडात घोडागाड्या नेण्याचा आराखडा मांडला होता. घोडे बदलायला मध्ये कृत्रिम बेटही होते! 1880 नंतर दोन्ही किनाऱ्यांवर प्रत्यक्ष खोदाई झाली. बोगद्यातून शत्रूचे सैन्य येईल या धास्तीने 1882 मध्ये ब्रिटिश बाजूने ती थांबवली. 1974 मध्ये पुन्हा खोदायला घेतले आणि 1975 च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने खर्चाकडे बोट दाखवून अंग काढून घेतले.

खरी गोष्ट 1985 पासूनची. सरकारी तिजोरीतून एक पैसाही मिळणार नाही, या अटीवर दोन्ही सरकारांनी प्रस्ताव मागवले. शेवटी चार उरले. त्यांतल्या तिघांत मोटार स्वतः चालवत नेण्याची सोय होती : एकात बंदिस्त नळीतून जाणारा झुलता पूल, दुसऱ्यात पूल, कृत्रिम बेटे आणि मध्ये बोगदा, तिसऱ्यात रस्त्याचे रुंद बोगदे. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधानांचा कलही रस्त्याकडे होता, असे सांगितले जाते. जानेवारी 1986 मध्ये फ्रान्समधल्या लील शहरात निवड जाहीर झाली ती मात्र चौथ्या प्रस्तावाची, म्हणजे रेल्वेच्या जोडबोगद्यांची. 50 किलोमीटरच्या बोगद्यातून धूर बाहेर कसा काढायचा आणि तासभर एकसुरी भिंतीकडे पाहत गाडी हाकणारा चालक जागा कसा ठेवायचा, याची खात्रीलायक उत्तरे रस्तेवाल्यांकडे नव्हती. रस्त्याच्या समर्थकांची समजूत म्हणून करारात एक कलम घातले गेले : 2000 सालापर्यंत रस्त्याच्या दुव्याचा प्रस्ताव सादर करायचा. पुढे त्यातून काहीच उभे राहिले नाही.

रेल्वे ठरली, पण मोटारीतली माणसे कुठे बसवायची? आल्प्समध्ये स्विस रेल्वे कित्येक वर्षे उघड्या वाघिणींवरून मोटारी नेत होती आणि माणसे त्यांतच बसत. तिथे बोगदा डोंगराखालचा. इथे 38 किलोमीटर समुद्राखालून जायचे होते. अग्निशमन दलाच्या मंडळींचे म्हणणे सरळ होते : पेट्रोलने भरलेली टाकी एका डब्यात, माणसे दुसऱ्या डब्यात. फेरीबोटीवरही मोटारींच्या मजल्यावर कोणाला थांबू देत नाहीत. त्यात 1987 च्या मार्चमध्ये बेल्जियममधल्या झीब्रुगे बंदराबाहेर कार-फेरी उलटून 193 माणसे गेली आणि नोव्हेंबरमध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉस भुयारी स्थानकातल्या आगीत 31. अशा वर्षानंतर 'चालेल, बसू द्या' म्हणायला कोणता अधिकारी धजावणार?

बोगदा चालवणार असलेल्या कंपनीची अडचणही खरी होती. माणसे वेगळी काढली की प्रवासी डबे आले, आजी-आजोबा आणि पोरांना घेऊन फलाटावरची पायपीट आली, परतताना आपली मोटार शोधणे आले. मग फेरीबोटीपेक्षा वेळ वाचणार तो काय? शिवाय मोटारीतला माणूसच धूर सर्वात आधी पाहील, असाही त्यांचा युक्तिवाद होता. मला तो पटतो.

अखेर परवानगी मिळाली, ती अटींसकट. डबे पूर्ण बंदिस्त, दोन डब्यांमध्ये अर्धा तास आग रोखणारे पडदे, धूर ओळखणारी आणि आग विझवणारी यंत्रणा. आणि मग दारे. डब्यातून डब्यात जाण्याची दारे 60 सेंटीमीटरची आखली होती. दोन्ही देशांच्या संयुक्त सुरक्षा यंत्रणेने ती 70 ची करायला लावली. दहा सेंटीमीटर! त्यासाठी डब्यांची रचना बदलली, वेळापत्रक घसरले, भरपाईचे वाद लागले. बोगद्याचे उद्घाटन 6 मे 1994 ला झाले. सर्वसामान्यांच्या मोटारी धावल्या त्या 22 डिसेंबरला.

एवढी खबरदारी मोटारींसाठी, आणि आग लागली ती ट्रकांच्या गाडीला. नोव्हेंबर 1996, सप्टेंबर 2008, जानेवारी 2015 : तिन्ही वेळा ट्रकच. ट्रकांचे वजन इतके की बंदिस्त डबा परवडेना, म्हणून त्यांना जाळीदार वाघिणी मिळाल्या होत्या. त्यांचे चालक मात्र पुढच्या वेगळ्या डब्यात बसतात, म्हणजे मोटारींसाठी जी मागणी होती ती इथे पहिल्यापासून पाळलेली. माणसे वाचण्यात तिचा वाटा आहे, हे मान्य करायलाच हवे. 1996 मध्ये 'गाडी न थांबवता बाहेर काढा' हा मूळ नियमच कोलमडला; धोक्याचा दिवा लागल्याने गाडी बोगद्यातच थांबली आणि 34 जणांना दोन रेल्वे बोगद्यांच्या मधल्या सेवा-बोगद्यातून बाहेर काढावे लागले. काँक्रीटचे जाड अस्तर काही ठिकाणी जेमतेम काही सेंटीमीटर उरले होते. 2008 च्या आगीनंतर बोगद्यात पाण्याचा दाट फवारा सोडणारे चार अग्निशमन थांबे बसवले गेले.

हाच प्रश्न 2025 मध्ये आपल्याकडेही आला. कोकण रेल्वे 1999 पासून कोलाडहून ट्रक वाहून नेते आणि त्यांचे चालक ट्रकमध्येच बसतात. त्या वर्षी गणपतीला कोलाड ते गोव्यातले वेर्णा अशा खासगी मोटारी नेण्याची सोय झाली, तेव्हा माणसांसाठी मात्र वेगळे डबे जोडले.

खाडीखालच्या शटलमध्ये आज विजेवरच्या मोटारी नेता येतात. एलपीजीवरची मोटार, पेट्रोलचा पर्याय असला तरी, शटलमध्ये घेत नाहीत.