‘देवाचे जनुक’ खरेच सापडले आहे का?

‘शास्त्रज्ञांना देवाचे जनुक सापडले, ते ज्याच्यात असते तोच श्रद्धाळू होतो,’ हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे.

जनुक खरे आहे. नाव व्हीमॅट-२, जागा १० व्या गुणसूत्रावर. पण ते प्रत्येकात असते, नास्तिकातही. डोपामिन, सेरोटोनिन यांसारखी रसायने चेतापेशीतल्या सूक्ष्म पुटिकांत, म्हणजे इवल्या पिशव्यांत, भरणे हे त्याचे काम. ते जन्मतःच बिघडले तर श्रद्धा जात नाही. हालचालींवरचा ताबा जातो. जनुकांच्या खुल्या माहितीकोशांत हे पाहता येते.

मग दावा कशावर उभा होता? २००४ साली तो गाजला, तेव्हा मोजली होती प्रश्नावलीतून दिसणारी ‘स्वतःपलीकडे पाहण्याची वृत्ती’. ती आणि देवावरची श्रद्धा एकच नव्हे. शिवाय या जनुकातला डीएनएच्या एका अक्षराचा बदल या वृत्तीतल्या माणसामाणसांतल्या तफावतीचा १ टक्काही उलगडत नव्हता. अशा बातमीत नेमके काय मोजले, परिणाम केवढा आणि दुसऱ्या गटात तोच निष्कर्ष निघाला का, एवढे आधी शोधावे.

जुळ्यांच्या अभ्यासांत धार्मिकतेवर आनुवंशिकतेचा थोडा प्रभाव दिसतो, हे मान्य. मात्र कोणता धर्म पाळायचा, हे मुख्यतः घरातून येते.