टीबी नसलेली गाठ

रोवणीच्या दिवसांत गोंदिया-भंडाऱ्याकडे जांघेत अवधान आले म्हणून कुणी दवाखान्यात धाव घेत नाही. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, बांधीत काटा रुतलेला असतो, आणि त्या जखमेतले जंतू अडवताना जांघेतली लसिकाग्रंथी सुजते. जखम भरली की गाठही बसते. मानेतल्या गाठीचे तसे नाही. ती महिनाभर टिकली, सोबत संध्याकाळचा ताप, रात्री घाम आणि वजनात घट असली, की पहिला संशय टीबीचा येतो. तो यायलाच हवा. जुनी माणसे गंडमाळ म्हणत, ते बहुतेकदा हेच दुखणे.

पेच त्यापुढे पडतो. सुईने काढलेल्या नमुन्यात टीबीचा जंतू सापडत नाही, सीबीनॅट ही टीबीच्या जनुकांची चाचणी निगेटिव्ह येते, रिपोर्टवर फक्त ‘रिअॅक्टिव्ह’ (म्हणजे कशाच्या तरी प्रतिक्रियेने सुजलेली ग्रंथी) एवढेच लिहिलेले असते आणि ताप मात्र चालूच राहतो. ग्रंथीच्या टीबीत जंतू कमी असतात, त्यामुळे निगेटिव्ह सीबीनॅटने टीबी बाद होत नाही. पण लिम्फोमा (लसिकाग्रंथींचा कर्करोग), सार्कॉइडोसिस व ल्युपस (दोन्ही प्रतिकारशक्तीच्या बिघाडाचे आजार) आणि या सगळ्यांत दुर्मीळ असा कॅसलमन आजार, हेही याच रांगेत उभे असतात.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधले पॅथॉलॉजिस्ट बेंजामिन कॅसलमन यांनी १९५४ मध्ये असा एक रुग्ण आणि १९५६ मध्ये तेरा रुग्ण नोंदवले, म्हणून हे नाव. एकाच जागची ग्रंथी वाढली असेल तर ती पूर्ण काढून बहुतेक रुग्ण बरे होतात. अनेक जागी वाढल्या असतील तर प्रकरण वेगळे. त्यातल्या काहींत एचएचव्ही-८ हा विषाणू कारण असतो, विशेषतः एचआयव्ही असलेल्यांत. उरलेल्यांत कारण कळत नाही, मात्र पुष्कळांत इंटरल्युकिन-६ हे दाह पेटवणारे प्रथिन जास्त झालेले असते.

या एका प्रथिनाची करणी साध्या रिपोर्टांतही दिसते. यकृत सीआरपी हे दाह दाखवणारे प्रथिन भरमसाट बनवते आणि पाणी रक्तात धरून ठेवणारे अल्ब्युमिन कमी, म्हणून पाय सुजतात. शरीरातले लोह कोठारात अडकून पडते, म्हणून लोहाच्या गोळ्या खाऊनही हिमोग्लोबिन हलत नाही. अँटिबॉडी वाढतात, म्हणून ग्लोब्युलिन (अँटिबॉडी ज्यात मोजल्या जातात तो प्रथिनांचा गट) चढते. लिव्हरच्या तपासणीत एकूण प्रथिने ९ आणि अल्ब्युमिन २.५ असेल, तर ग्लोब्युलिन ६.५ झाले, म्हणजे अल्ब्युमिन जास्त, ग्लोब्युलिन कमी हे नेहमीचे प्रमाण उलटले. बिलिरुबिनच्या खाली छापलेल्या या ओळीकडे सहसा कुणी पाहत नाही. एचआयव्ही, ल्युपस, मायलोमा (अँटिबॉडी बनवणाऱ्या प्लाझ्मा पेशींचा कर्करोग) यांतही ती उलटते, तेव्हा पुढची पायरी प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे रक्तातली प्रथिने वेगळी करून आलेख काढणारी तपासणी. मायलोमात त्या आलेखावर एकच टोकदार सुळका येतो, कॅसलमनमध्ये पसरट टेकाड.

विदर्भात एक गोष्ट वेगळी ध्यानात ठेवावी लागते. इथे सिकलसेल आहे. सिकलसेलच्या वाकड्या पेशी नाण्यांसारख्या एकावर एक रचल्या जात नाहीत, म्हणून अंगात दाह असूनही ईएसआर (रक्तपेशी नळीत खाली बसण्याचा वेग) कमी दिसू शकतो. अशा रुग्णात सीआरपी पाहावी. तीही एकक वाचून, कारण काही लॅब ती मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये देतात, काही प्रति डेसिलिटरमध्ये, आणि दोन्हींत दहा पटींचा फरक पडतो.

तरीही निदान ठरते ते बायोप्सीवर, आणि गाठी सापडूनही आजार निसटतो तो बहुधा इथेच. कॅसलमनमध्ये ग्रंथीतल्या पेशी गोलाकार थरांत, कांद्याच्या पापुद्र्यांसारख्या, रचलेल्या दिसतात. मधून एखादी रक्तवाहिनी काडीवरच्या गोळीसारखी आत शिरलेली असते. हे रूप काहींत ठळक असते, काहींत प्लाझ्मा पेशींचीच गर्दी जास्त. सुईतून सुट्या पेशी येतात. किसलेल्या कांद्यात पापुद्रे कसे मोजणार? म्हणून अख्खी ग्रंथी काढायची, आणि सोपी पडते म्हणून जांघेतली नव्हे. अनवाणी पाय, जुन्या जखमा आणि पूर्व विदर्भातला हत्तीरोग यांनी तिथली ग्रंथी आधीच बिघडवलेली असते. मानेतली किंवा काखेतली, त्यातही सगळ्यांत मोठी निवडावी.

ग्रंथी हाती आली की फॉर्मेलिनमध्ये टाकण्याआधी तिचा एक तुकडा निर्जंतुक सलाइनमध्ये, टीबीच्या कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) आणि सीबीनॅटसाठी. सगळीच फॉर्मेलिनमध्ये गेली तर जंतू मरतात आणि कल्चरची वाट बंद. उरलेली मधोमध कापून १० टक्के फॉर्मेलिनमध्ये. दोन सेंटिमीटरच्या ग्रंथीचे आकारमान साधारण ४ मिलिलिटर, तर फॉर्मेलिन त्याच्या दहा ते वीस पट, म्हणजे ४० ते ८० मिलिलिटर हवे. बाटली रुंद तोंडाची घ्यावी. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेली ग्रंथी आत कडक होते आणि बाहेर काढताना चिंधड्या होते.

बायोप्सीआधी डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देऊ नये. ताप उतरतो, रुग्ण खूश होतो, पण लिम्फोमा असेल तर त्याच्या पेशी विरघळून निदानच हातचे जाते.

रिपोर्टवर ‘कॅसलमनसारखे बदल’ लिहून आले तरी काम संपत नाही, कारण एचआयव्ही, ल्युपस, संधिवात आणि लिम्फोमाशेजारच्या ग्रंथीही तशाच दिसू शकतात. अनेक जागच्या, कारण न कळलेल्या प्रकारासाठी २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय निकष ठरले. ग्रंथीचे रूप जुळले पाहिजे, किमान दोन जागी एक सेंटिमीटर किंवा मोठ्या ग्रंथी हव्यात, अकरा गौण निकषांपैकी दोन हवेत आणि त्यातला एक तरी रक्त-लघवीच्या तपासणीतला. शिवाय वरचे, कॅसलमनसारखे दिसणारे आजार आणि एचएचव्ही-८ वगळलेले असावेत. तो विषाणू शोधायला त्याच ग्रंथीवर लाना-१ हा खास रंग देतात.

ही रंगतपासणी जवळ होत नसेल तर पुन्हा चिरफाड करायची गरज नसते. पॅथॉलॉजी विभागाकडून ग्रंथीचा तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक मागून घ्यावा. तो वर्षानुवर्षे टिकतो आणि नागपूरला किंवा सेवाग्रामला नेता येतो. मात्र हे मेण साठ अंशांच्या अलीकडेच वितळते. मे महिन्यात ब्लॉक गाडीच्या काचेमागे किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नये. कापडात गुंडाळून हातातल्या पिशवीत न्यावा.