‘थोडं अवघड आहे’ : जपानी नकाराची पार्श्वभूमी

पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी दुभाषी म्हणून नवीन होते, तेव्हाची गोष्ट. जपानहून आलेल्या विभागप्रमुखांनी आमचा प्रस्ताव शांतपणे ऐकला, मान किंचित तिरकी केली, दातांमधून हलकेच हवा ओढली आणि म्हणाले, ‘च्योत्तो मुझुकाशीई देसु ने.’ मी शब्दाला शब्द ठेवून इंग्रजीत सांगितलं, थोडं अवघड आहे. आमच्या टीमने त्यातलं ‘थोडं’ तेवढं उचललं आणि ती अडचण सोडवण्यात तीन आठवडे घातले. तो सरळ नकार होता. दुकानदार ‘अवघड आहे हो जरा’ म्हणाला, किंवा मुलगी बघून गेलेले लोक ‘कळवतो’ म्हणाले, की त्याचा अर्थ आपल्याला कोणी समजावून सांगावा लागत नाही. त्या दिवशी मध्ये इंग्रजी आली आणि तोच ओळखीचा अर्थ निसटला.

जपानी माणूस मुळातच गूढ, असं सांगणारे लेख खूप वाचायला मिळतात. मला ते पटत नाहीत. या बोलण्यामागे इतिहास आहे आणि त्यातल्या बऱ्याच गोष्टींना साल-तारीखही लावता येते.

सगळ्यात जुना धागा इ.स. ६०४चा. राजपुत्र शोतोकूच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सतरा कलमांच्या संहितेतलं पहिलंच कलम सलोख्याला सर्वांत मोलाचं मानतं. शेवटचं, सतरावं कलम सांगतं की महत्त्वाचा निर्णय एकट्याने घेऊ नये, पुष्कळांशी चर्चा करून घ्यावा. अर्थात, एका जुन्या संहितेने आजची मीटिंग चालत नाही. ती सवय अंगी भिनली ती भातशेतीच्या गावांत. पाटाचं पाणी वाटून घ्यायचं, लावणी एकमेकांच्या मदतीने करायची, अशा ठिकाणी भर बैठकीत कोणाला तोंडावर पाडणं परवडत नाही. गावाविरुद्ध जाणाऱ्याला ‘मुराहाचिबु’ करत, म्हणजे आपल्याकडचं वाळीत टाकणंच. दहापैकी आठ व्यवहार बंद. आग आणि मयत या दोन वेळांनाच गाव मदतीला येणार, अशी त्या शब्दाची फोड सांगतात.

कारखाने-कचेऱ्या आल्या तेव्हा ही रीत कागदावर उतरली, आणि भारतीय माणसाची खरी गल्लत होते ती इथे. जपानी कंपन्यांत ‘रिंगी’ नावाची पद्धत आहे. खालच्या पायरीवरचा माणूस प्रस्तावाचा मसुदा लिहितो, तो कागद संबंधित विभागांतून फिरत वर जातो आणि प्रत्येक जण त्यावर आपला ‘हान्को’, म्हणजे नावाचा छोटा गोल शिक्का, लाल शाईत उमटवतो. दस्तऐवजावर असा शिक्का हवा, हा सरकारी हुकूम १८७३चा. काही बँकांत आणि कंपन्यांत कनिष्ठ माणूस आपला शिक्का डावीकडे किंचित कलता मारतो, शेजारच्या वरिष्ठाच्या शिक्क्यापुढे तो वाकलेला दिसावा म्हणून. असा एक कागद नीट न्याहाळला की कंपनीची सगळी उतरंड त्यावर दिसते. कोरोनाच्या काळात निव्वळ शिक्का मारायला लोकांना ऑफिस गाठावं लागलं, तेव्हा कुठे २०२०मध्ये मंत्री कोनो तारो यांनी सरकारी कामातले शिक्के हटवायला घेतले.

कागद फिरण्याआधी ‘नेमावाशी’ होते. शब्द माळीकामातला आहे. मोठं झाड हलवायचं असेल तर बरेच महिने आधी भोवती खणून मुळं छाटतात, नवी बारीक मुळं फुटू देतात आणि मग झाड उचलतात. प्रस्तावाचंही तसंच. एकेकाला आधी गाठून बोलायचं, त्याची शंका ऐकून घ्यायची. त्यामुळे मीटिंगमध्ये निर्णय होत नाही, झालेला निर्णय मांडला जातो. आपण मात्र तिथे प्रेझेंटेशन करून तिथल्या तिथे होकार मागतो. समोरच्याला एकट्याने हो म्हणायचा अधिकार नसतो आणि चारचौघांत नाही म्हणायची रीत नसते. मग उरतं काय? ‘थोडं अवघड आहे.’

अशा उत्तराची किंमत राष्ट्रांनीही मोजली आहे. नोव्हेंबर १९६९मध्ये जपानचे पंतप्रधान सातो एइसाकु वॉशिंग्टनला गेले. त्यांना दुसऱ्या महायुद्धापासून अमेरिकेच्या ताब्यात असलेलं ओकिनावा बेट परत हवं होतं, अध्यक्ष निक्सन यांना जपानी कापडाची आयात आटोक्यात हवी होती. सातो ‘झेन्शो शिमासु’ म्हणाले, ही गोष्ट जपानी शिकणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या कानावर येते. अक्षरशः अर्थ ‘योग्य ते करू’. पुढाऱ्याच्या तोंडी त्याचा रोख बहुधा ‘बघू’ असाच. अमेरिकी बाजूने तो दिलेला शब्द मानला. नेमके कोणते शब्द वापरले गेले यावर वाद आहे, पण पुढे काय झालं यावर नाही. कापडाची बोलणी रखडली, संबंध बिघडले आणि करार व्हायला १९७१चा ऑक्टोबर उजाडला. जपानमध्ये लोक म्हणत, ‘सूत विकून दोर घेतला’, कारण ओकिनावाच्या नावात ‘नावा’ म्हणजे दोर.

या पद्धतीची दुसरी बाजू मुंबईने फार आधी पाहिली होती. १८९३मध्ये जमशेटजी टाटा जपानला गेले, तिथले बडे उद्योजक शिबुसावा एइइची यांना भेटले. मुंबईचा कापूस जपानला नेण्यावर तेव्हा पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची पकड होती. ती मोडायला निप्पॉन युसेन काइशा या जपानी जहाज कंपनीची बोट त्याच वर्षी मुंबई मार्गावर धावू लागली. पी अँड ओने भाडं पाडलं. मुंबईचे बरेच व्यापारी त्या स्वस्ताईकडे वळले, जपानी सूतगिरण्यांचा संघ मात्र ठरलेल्या कराराला धरून राहिला. ठरवायला लागणारा वेळ आणि ठरलेलं न मोडणं, दोन्हींचं मूळ मला एकच दिसतं. सगळ्यांचे शिक्के असलेला कागद मागे घ्यायचा, तर सगळ्यांकडे पुन्हा जावं लागतं.

आता ‘मुझुकाशीई’ ऐकलं की आमच्या लोकांना मी सांगते, ‘हे नाही म्हणतायत, मीटिंग इथेच थांबवू या.’ मग चहाच्या सुट्टीत त्यांच्यातल्या धाकट्या सहकाऱ्याजवळ उभी राहते आणि विचारते, हा कागद अजून कोणाकोणाकडे जायचा आहे? हातातला कागदी कप फिरवत तो तीन नावं सांगतो, आणि त्यातलं कोण का अडेल तेही.